टॉवेलखालचा हात

ऑस्ट्रेलियातल्या मरीबा गावात कुणाच्याही पाळलेल्या सापाने मान टाकली की तो आधी मर्ल प्रॉबर्टच्या स्वयंपाकघरात यायचा, दवाखान्यात नंतर. मर्लने जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली तीस वर्षं काढलेली. बाई मायाळू, पण जीभ वस्तऱ्याची.

पहिला प्रश्न ठरलेला. "फ्रीझरमध्ये तर नाही ना ठेवलास?"

आजारी साप थंडीत गोठवला की झोपेतच शांतपणे मरतो, असा जुन्या लोकांचा समज. कुणी चाचरत 'हो' म्हणालंच, तर संपला. "तुला ठेवू का तासभर आत? बघ कशी गाढ झोप लागते ती!"

मग परीक्षा. टेबलावर टॉवेल अंथरायचा, सापाला उताणं करायचं, आपले हात पाठीमागे बांधायचे आणि साठ आकडे मोजायचे. धडधाकट साप क्षणात पालथा होतो. कण्यात बाक घेऊन जन्मलेली पिल्लं लोकांना नकोशी असत. पण वळली आणि उंदीर गिळला, की मर्ल ती ठेवून घ्यायची. मागच्या खोलीत अशी नऊ वाकडी मंडळी सुखाने नांदत होती. साठ झाले तरी जो वळला नाही, त्याच्या मालकाला ती हळूच म्हणायची, "सोडव रे याला आता." दवाखान्यात मरणाचं इंजेक्शन दिल्यावरही सापाचं हृदय बराच वेळ चालतं. ते थांबेपर्यंत ती तिथेच बसायची.

तिचा स्वतःचा अजगर होता कर्नल. तेवीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, रेने, तो उशीच्या अभ्र्यात घालून आणला होता. रे गेला, कर्नल राहिला. पण या हिवाळ्यापासून त्याची मान आपोआप वर पिळवटायची, समोरचा उंदीरही त्याला सापडेना. "वय झालंय," मर्ल म्हणायची.

शनिवारी सकाळी साप पाळणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस क्लाइव्ह चहाला आला. कर्नलकडे बघून त्याने कप खाली ठेवला.

"उताणा कर त्याला, मर्ल."

"कालच केला. वळला."

"माझ्यासमोर कर."

तिने केला. कर्नल वळला. क्लाइव्ह मात्र टॉवेलकडे बघत होता.

"हात, मर्ल."

"कुठला हात?"

"टॉवेलखालचा."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मर्लचा चेहरा लाल झाला.

"दुसऱ्याचा असता तर काय म्हणाली असतीस?"

"दुसऱ्याचा नाहीये ना तो!" ती ओरडली आणि तिला रडू फुटलं. "याच्यामागे मला कोण आहे रे?"

मग मर्लनेच डोळे पुसले, कर्नलला पुन्हा उताणा केला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. चाळीसाव्या आकड्याला शेपटीचं टोक हललं. साठ झाले. ती मोजतच राहिली. शंभरावर थांबली.

"गाडी काढ," ती म्हणाली.

दवाखान्यात इंजेक्शन देऊन डॉक्टरीण दुसऱ्या कामाला गेली. मर्ल कर्नलच्या पोटावर तळवा ठेवून बसली. दोन तासांनी डॉक्टरिणीने यंत्र लावून ठोके शोधले आणि नकारार्थी मान हलवली.

रेचा तो जुना अभ्रा मर्लने पर्समधून काढला. टेबलावर कर्नल तपासणीसाठी ठेवला तसाच, उताणा पडला होता. तिने क्लाइव्हकडे पाहिलं.

"आता हात लावला तर चालेल ना?"

आणि दोन्ही हातांनी तिने त्याला सावकाश पालथा केला.