पडद्यावर पडणाऱ्यांची नावं

आमच्या बेटावर, नेइआफूच्या बंदरावरून चढण चढून आलं की उजव्या हाताला आमचं पत्र्याचं थिएटर होतं. मालक माझा धाकटा भाऊ फेलेती, तिकीटखिडकीत मी, म्हणजे फुसी, आणि पडद्याशेजारी उंच स्टुलावर माइक धरून बसलेला पेनिसिमानी. सिनेमे यायचे इंग्रजीत आणि बघायला यायची आमची माणसं. म्हणून सिनेमा चालू असताना पेनिसिमानी तो आमच्या भाषेत सांगायचा. नायक तोच, नायिका तीच, कुत्रा भुंकला तर कुत्राही तोच. लोक खिडकीशी येऊन सिनेमाचं नाव विचारत नसत. "आज पेनी आहे ना?" एवढंच विचारत.

इंग्रजी तो खोबरं वाहणाऱ्या जहाजावर शिकला होता. जहाज ज्या बंदराला लागेल तिथे इतर खलाशी दारू प्यायला जायचे आणि हा सिनेमाला. धिप्पाड माणूस, एक गुडघा कायम सुजलेला, बोलताना हातात कलिंगडाची फोड. आणि एक खोड अशी की शेवटचं रीळ संपलं तरी माइक खाली ठेवायचा नाही. "आता खरं बोलू," म्हणायचा, आणि आधी सिनेमात काय चांगलं ते सांगायचा, मग काय वाईट. कोणी उठून जात नसे. एका धार्मिक सिनेमाला त्याने भिकार म्हटलं तेव्हा पाद्रीबाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. हा त्यांना रस्त्यात गाठून म्हणाला, "देव चांगलाच आहे हो, सिनेमा वाईट आहे. त्याला मी काय करू?"

आमच्याकडे पेलामीला डोक्यावर घेतलं तेही यानेच. पेलामी म्हणजे तो पेलहॅम नावाचा इंग्रज गुप्तहेर. त्याचे चार सिनेमे येऊन गेले होते आणि चारही पेनीने असे रंगवले होते की गावातल्या पोरांची नावं पेलामी ठेवली गेली. त्या सिनेमांत चुंबनं फार, आणि तसलं काही बघताना भाऊ-बहीण एका छपराखाली बसणं आमच्यात शक्यच नाही. म्हणून घराघरात आधीच ठरायचं, भाऊ या खेळाला तर बहीण त्या खेळाला. कुठे घोटाळा झालाच तर पेलामी बाईच्या जवळ सरकायच्या आधी पेनी माइकवरून सांगायचा, "भावांनो, बाहेर शेंगदाणे ताजे आहेत," आणि निम्मे पुरुष निमूट उठून जायचे. मी खिडकीत बसायचे ती काही हिशेबाच्या आवडीने नव्हे. फेलेती आत असायचा, म्हणून मी बाहेर.

पाचवा पेलामी आला तो शनिवारच्या बोटीने. दुपारच्या खेळाआधी पेनी रिकाम्या थिएटरात सगळा सिनेमा एकदा बघून घ्यायचा, तसा त्याने बघितला. मग लंगडत माझ्या खिडकीशी आला. हातात कलिंगड नव्हतं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"बोटींचा पाठलाग असा आहे फुसी, की आपले कोळी उभे राहून बघतील. खलनायक पाचांतला सगळ्यात चांगला. ओरडत नाही, चहा पीत बोलतो. त्याचीच भीती वाटते."

"मग तोंड का असं?"

"पेलामी थकलाय. उडी दुसराच कोणी मारतो आणि हा येऊन केस नीट करतो. अडचण आली की खिशातून यंत्र काढतो, डोकं चालवतच नाही. हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण शेवटी तो एका बेटावर जातो."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? आपल्यासारख्याच! गवत नेसलेली माणसं, त्यांना धड भाषाही नाही. नुसतं अगाबुगा करतात. पेलामीला देव समजून पाया पडतात. मग खलनायकाची माणसं त्यांना पटापट गोळ्या घालतात, आणि पेलामी प्रेतं ओलांडून जाताना विनोद करतो."

मला संताप आला. सिनेमा बघितलाही नव्हता, तरी आला.

फेलेती मागेच उभा होता. या सिनेमावर त्याची सगळी मदार होती. आठवडाभर थिएटर भरून दाखवलं तरच यापुढे नवे सिनेमे आधी आमच्याकडे येणार, असं सिनेमे पाठवणाऱ्या कंपनीशी ठरलेलं होतं.

"पेनी, पडद्यावर जे आहे तेवढंच सांगायचं," तो म्हणाला. "शेवटचं तुझं ते प्रवचन या आठवड्यात नको."

"मग मी कशाला हवा? पोपट आण."

"मी थट्टा करत नाहीये. एक शब्द जास्त बोललास तर माइक ठेवायचा आणि घरी जायचं. कायमचं."

"अरे, मी कधी खोटं सांगितलंय का यांना? चांगल्याला चांगलं म्हटलं म्हणून तर ते येतात!"

"ते पेलामीसाठी येतात."

पेनी हसला. गुडघा चोळत आत गेला.

खेळ सुरू झाला तेव्हा दाराबाहेरही माणसं उभी होती. मी खिडकीतून ऐकत होते. पेनीने बोटींचा पाठलाग असा सांगितला की आतली बाकं कडाडली. चहा पिणाऱ्या खलनायकाचा त्याने इतका हळू आवाज काढला की सगळं थिएटर कान देऊन बसलं. काही हातचं राखून ठेवलं नाही त्याने, हे मी शपथेवर सांगेन. मग बेट आलं.

आतून म्हातारी सेइनी ओरडली, "पेनी, हे काय बोलतायत रे?"

"काहीच नाही, सेइनी," लाउडस्पीकर म्हणाला. "यांना भाषा द्यायची राहून गेली. थांब, मी देतो. तो पुढचा म्हणतोय, पाहुण्या, पायातले बूट काढ, ही चटई माझ्या आईने विणलीय. दुसरा म्हणतोय, आधी तू कोणाचा ते सांग, मग जेवायला बस."

हशा झाला. तेवढ्यात गोळ्या सुटल्या.

"हा पडला तो सेमिसी," पेनी म्हणाला. "शेजारच्या लेइमातुआ गावचा. याने सकाळीच रताळी लावली होती. हा मोसेसे. याचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. ही कालोलाइने, पळत होती ती लेकरासाठी. हा आइसेआ, होलोंगाचा, भजनात जाड आवाज याचाच."

हसू थांबलं. पडद्यावर पेलामी काहीतरी बोलला, बहुधा तोच विनोद. पेनीने तो सांगितलाच नाही. तो पुढचं नाव घेत होता.

मागच्या बाकावर बसलेला फेलेती उठला आणि पडद्याच्या दिशेने निघाला. माइक ओढून घ्यायलाच. दारातून मला दिसत होतं, आणि काय करायचं याचा मी फार विचार केला असं म्हणणार नाही. खिडकीला खिट्टी घातली, झगा सारखा केला, सरळ आत गेले आणि पहिल्या बाकावर सेइनीशेजारी बसले.

पेलामीचा सिनेमा चालू, आणि फेलेतीची सख्खी थोरली बहीण समोर बसलेली. सगळं थिएटर त्याच्याकडे बघायला लागलं. तो जागच्या जागी थिजला.

"ताई, बाहेर जा," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मला सिनेमा बघायचाय."

"ताई!"

"तू जा ना. शेंगदाणे ताजे आहेत."

तो गेला. न जाऊन सांगतो कोणाला! पेनीने पडलेल्या प्रत्येकाला नाव दिलं. शेवटच्या चुंबनाला मी पायाच्या बोटांकडे बघत बसले, पण उठले नाही.

शेवटचं रीळ संपलं तसा पेनी म्हणाला, "आता खरं बोलू," आणि बाहेर फेलेतीने जनरेटर बंद केला. माइक मेला, अंधार झाला. कोणीतरी खिडक्यांच्या झडपा उघडल्या. दुपारचं ऊन थेट पडद्यावर पडलं. पेनीने स्टुलावरून उतरून, नुसत्या आवाजात, आधी बोटींची आणि चहावाल्या खलनायकाची तारीफ केली. मग थकलेला पेलामी आणि यंत्रं. मग म्हणाला, "ज्याला आपली नावं विचारावीशी वाटली नाहीत, त्याचं नाव आपण पोरांना दिलं. ही चूक सिनेमाची नाही, आपली आहे."

बाहेर फेलेतीने हात पुढे केला. पेनीने माइक दिला आणि चालू लागला.

रविवारी चर्चमध्ये दोघे दोन टोकांना बसले. सोमवारच्या खेळाला फेलेती स्वतः स्टुलावर चढला. त्याचं इंग्रजी पेनीपेक्षा चांगलं, हे मान्य करायला हवं. पेनी समोरच्या आंब्याखाली चटई टाकून कलिंगड खात बसला होता, आणि मी खिडकीत.

"आत का नाही जात?" मी विचारलं.

"तिकीट काढून? माझ्याच सिनेमाला?"

फेलेती शब्द न शब्द बरोबर सांगत होता. बेट आलं, अगाबुगा झालं, आणि तो गप्प राहिला. गोळी सुटली.

"हा कोण पडला?" सेइनीचा आवाज आला. शनिवारी बघूनही ती पुन्हा आली होती.

"कोणी नाही, मावशी. बेटावरचा आहे."

"नाव सांग की!"

"नाव नाहीये सिनेमात."

"सेमिसी आहे तो!" मागून कोणीतरी ओरडलं. "लेइमातुआचा!" मग सगळीकडून नावं यायला लागली. शनिवारी आलेले सांगत होते, न आलेले आपापल्या घरातली घालत होते. बाकं बडवली जात होती. त्यात फेलेतीचा लाउडस्पीकर कुठल्या कुठे बुडाला. मग पडलेल्या एकाला कोणीतरी आमच्या वडिलांचं नाव दिलं. लाउडस्पीकर बंद झाला.

फेलेती दारात आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, त्याला बोलाव."

"तूच बोलाव. जीभ आहे ना?"

तो आंब्याखाली जाऊन उभा राहिला. "पेनी, चल."

"शेवटचं प्रवचन?"

"कर."

"पूर्ण?"

"पूर्ण कर बाबा, ऊठ आता!"

पेनीने फोड संपवली, बिया थुंकल्या, फेलेतीच्या खांद्याला धरून उठला. आत गेल्यावर स्टुलावर चढायच्या आधी तो प्रोजेक्टर चालवणाऱ्या पोराकडे वळून म्हणाला, "रीळ मागे घे. बेटापासून. यांना नीट पुरायचंय."