बेडूक ऐकायच्या संध्याकाळी

माझी लेक हायस्कूलला होती तेव्हा अमेरिकेत पार्सिपनीतल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात एक तरी खेळाडू होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या एका काकूंनी वाण हातात ठेवता ठेवताच विचारलं, "तुमची कोणता स्पोर्ट खेळते?"

"काही नाही खेळत."

"अगं बाई! मग चांगल्या कॉलेजचं कसं व्हायचं?"

प्रयत्न आम्ही केला होता. नवव्या इयत्तेत तिला टेनिसला घातलं. दोन आठवड्यांनी कोच मला बाजूला घेऊन म्हणाला, मुलगी गोड आहे, पण बॉल येतो तेव्हा ती भलतीकडेच बघत असते. गाडीत मी विचारलं, कुठे बघतेस गं? तर म्हणाली, "देअर वॉज अ हॉक, आई." आकाशात ससाणा होता म्हणे. रॅकेट गराजमध्ये जाऊन पडली.

पुढच्या मार्चमध्ये तिनं शाळेतून एक कागद आणला. जवळच्या निसर्गकेंद्राला बेडूक ऐकणारी माणसं हवी होती. दिवस मावळला की ठरलेल्या दहा जागी गाडी थांबवायची, प्रत्येक जागी तीन मिनिटं ऐकायचं आणि लिहायचं. वेगवेगळे आवाज मोजता आले तर एक, एकमेकांत मिसळले तर दोन, मोजताच येईनात तर तीन. तिला ड्राइव्ह करता येत नव्हतं. मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, आणि डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नसल्यामुळे वेळच वेळ होता.

"आई, इंजिन ऑफ कर. आणि बांगड्या वाजवू नकोस."

काचा खाली केल्या की ओल्या पानांचा वास आत यायचा. आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग दलदलीतून एक बारीक शीळ, मग दुसरी, आणि बघता बघता सगळा अंधार किणकिणायला लागायचा. बोटाच्या पेराएवढे बेडूक ते. मला एकही कधी दिसला नाही. आकाशात जांभळं काहीतरी उरलेलं असायचं, लेकीचे डोळे मिटलेले असायचे, आणि मी कुठल्या देशात आहे हेच क्षणभर विसरून जायचे. तीन मिनिटं झाली की ती पेन्सिलीनं आकडा लिहायची आणि आम्ही पुढच्या जागी जायचो. बोलणं फारसं नाहीच.

दुसऱ्या वर्षी सातव्या जागेच्या शेजारी मोठा पार्किंग लॉट झाला. पाणी होतं तसंच होतं, पण त्यातून आवाज येईना. मी चावी फिरवायला गेले तर तिनं माझा हात धरला. "थ्री मिनिट्स, आई." आम्ही बसून राहिलो. तिनं शून्य लिहिलं. त्या वसंतात प्रत्येक फेरीला ती तिथे पूर्ण तीन मिनिटं थांबली आणि प्रत्येक वेळी शून्यच लिहिलं.

बारावीत कॉलेजचे फॉर्म आले. खेळांच्या रकान्यापाशी तिचे बाबा अडले. "अगं, हायकिंग लिही. काहीतरी लिही!"

"बाबा, दॅट्स लाइंग."

रकाना रिकामाच गेला. फॉर्मसोबत द्यायचा निबंध तिनं सातव्या जागेवर लिहिला. मला वाटलं, ह्यात सांगण्यासारखं काय आहे?

एका कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी, पांढऱ्या केसांच्या बाई, तिचा इंटरव्ह्यू घ्यायला लायब्ररीत भेटल्या. मी मासिकांच्या कपाटाआड उभी होते. सातव्या जागेचं ऐकून बाईंनी विचारलं, आवाज नाही हे लगेच कळत असताना तू थांबायचीस का?

लेक इंग्रजीत म्हणाली, "पहिल्या वर्षी तिथे एकदा अडीच मिनिटांनंतर एक ओरडला होता. तेव्हापासून मी थांबते."

बाई हसल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये कॉलेजांची पहिली तीन पाकिटं पातळ, म्हणजे नकाराची आली. दुसऱ्या पाकिटानंतर ती खोलीचं दार लावून रडली, आणि मी बाहेर जिन्यावर बसून राहिले. खेळाचं आणखी लावून धरायला हवं होतं का, हे त्या दिवशी शंभर वेळा मनात आलं. चौथं पाकीट जाड होतं, त्या पांढऱ्या केसांच्या बाईंच्या कॉलेजचं. बेडकांमुळे मिळालं असं मंडळातल्या त्या काकू अजून सगळ्यांना सांगतात. मला खात्री नाही. मार्क चांगले होते, शिक्षकांनी शिफारसपत्रात मनापासून लिहिलं असणार. आतलं कुणाला कळतं?

ऑगस्टमध्ये तिला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडायला गेलो. मी पलंगावर चादर घातली, बाबांनी टेबललॅम्प जोडला. मग करायला काहीच उरलं नाही. ती म्हणाली, "आई, यू कॅन गो नाऊ," आणि माझ्या गळ्यात पडून बराच वेळ सोडेचना.

परतीच्या वाटेवर रेस्ट एरियात थांबलो तेव्हा लक्षात आलं, तिच्यासाठी केलेला चिवड्याचा डबा मागच्या सीटवरच राहिलाय. आम्ही दोघांनी तो गाडीतच अर्धा संपवला.