हळदीचा हात

कागदावर हळद चोपडून उन्हात ठेवली की ऊन ती खाऊन टाकतं; सावली पडेल तेवढंच पिवळं उरतं. साठच्या दशकाच्या शेवटी कॉलेजात हे कळलं आणि मी पिसाटलेच. धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर जिथे तिथे हळद-स्पिरिटचे कागद, त्यांवर कडुनिंबाच्या डहाळ्या. स्वतःला कलावंत समजायची मला भारी घाई होती.

आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन रामटेकहून आमच्याकडे आली होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती पहाटेपासून राबायची आणि बायका यायच्या आत गच्चीवर निघून जायची. कुणी जा म्हणत नसे. कुणी थांबही म्हणत नसे. मीसुद्धा नाही.

त्या वर्षी ती अकरालाच वर आली.

"मी माहा हात ठेवू काय वं?"

"चार तास हलायचं नाही, आत्या."

"मले कुठं जायचं आहे?"

डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन ती खरंच बसली. मी दोनदा उठ म्हटलं, तर डोळे वटारले. तीन वाजता हात उचलला तेव्हा पांढुरक्या कागदावर पिवळाधमक पंजा उमटला होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मी मात्र हुरळून तो थेट खाली नेला आणि गौरीच्या आराशीत टेकवून ठेवला.

बायकांनी तोंडभर कौतुक केलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोनाचा वं हा हळदीचा हात?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोल, असं काही ती म्हणाली नव्हती.

"माझा," मी म्हणाले.

काकूंनी मला कुंकू लावलं आणि तेच बोट त्या पंजालाही टेकवलं.

वर गेले तर आत्या भाजलेला हात बादलीत बुडवून बसली होती. खालचं बोलणं जिन्यातून सगळं ऐकू येत असे. मला रडू फुटलं. आत्ता जाऊन खरं सांगते, म्हणाले.

"नको. माहा म्हनशीन त लगेच काढून ठेवतीन. तेवढा हात तरी बसू दे त्यायच्यात."

मी गेले नाही. आत्याचं ऐकलं, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आले. खरं म्हणजे, तिनं नको म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.