मिश्राजी, माकडं आणि विद्यार्थी अनुदान

एखाद्या कमिटीवर वर्षानुवर्षं बसलं की कामं फायलींत जातात आणि किस्से आपल्याकडे राहतात. मी मूळचा साताऱ्याचा, लखनौच्या एका विद्यापीठात बॉटनी शिकवायचो. दोन हजारनंतर कधीतरी तिथं एक योजना आली. बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना छोटं संशोधन करायला, नाटक किंवा फिल्म करायला अनुदान! मुलं आम्ही प्राध्यापक निवडायचो. पैसे अकाउंट्सचे मिश्राजी सोडायचे. म्हणजे खरी कमिटी मिश्राजीच!

* * *

मिश्राजींचा लाडका नियम म्हणजे, काहीही विकत घ्या, आधी तीन दुकानांची कोटेशनं आणा.

झूलॉजीच्या एका मुलाचा विषय होता चारबाग स्टेशनजवळची माकडं. ती कुठलं खाणं आधी उचलतात, ते त्याला बघायचं होतं. मिश्राजींनी केळ्यांची तीन कोटेशनं मागितली. पोरगा ठेलेवाल्यांकडे फिरला. पहिल्या दोघांनी हाकलून दिलं. तिसऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "भैया, केला लेना है या रिश्ता तय करना है?"

* * *

फिजिक्सच्या पोरांनी पतंगांवर प्रोजेक्ट केला. स्टॉक रजिस्टरमध्ये पतंग टेबल-खुर्च्यांच्या रांगेत, टिकाऊ वस्तू म्हणून चढले होते. वर्ष संपल्यावर मिश्राजींनी ते परत मागितले.

"सर, कट गईं."

"सब?"

"सब, सर."

मिश्राजींनी पेन उघडलं. "किसने काटीं? नाम लिखवाओ!"

* * *

एका ग्रुपनं अमीनाबादच्या बाजारात पथनाट्य केलं. प्रयोग खरंच झाला याचा पुरावा म्हणून मिश्राजींना प्रेक्षकांच्या सह्या हव्या होत्या. नाटक चालू असतानाच एक पोरगी कागद घेऊन गर्दीत शिरली. लोकांना वाटलं, सरकारी माणसं तक्रारी घ्यायला आलीत. सह्यांसोबत त्यांनी तुंबलेली नाली, गेलेली वीज, सगळं लिहून दिलं.

मिश्राजींनी कागद शेवटपर्यंत वाचला. त्यात नाटकाबद्दल एक शब्द नव्हता. म्हणाले, "फिर नाली का क्या किया आप लोगों ने?"

* * *

माझी मुलगी सई तिथंच शिकत होती. तिलाही अर्ज करायचा होता, पण बापच कमिटीवर!

"बाबा, आप रिज़ाइन कर दो न!"

"अगं, घरात तरी मराठीत बोल," बायको ओरडली.

"अच्छा. बाबा, आप राजीनामा दे दो न!"

* * *

निधी माझी विद्यार्थिनी, सेकंड इयरची, शहरातल्याच अलीगंजची. आपण मसाल्यात घालतो ते दगडफूल झाडांच्या सालींवर वाढतं. हवा बिघडली की ते नाहीसं होतं. अलीगंजमधली झाडं तपासून तिला तिथली हवा मोजायची होती. पोरगी स्कूटरवरून झाडन् झाड हिंडत होती.

काम अर्ध्यावर असताना तिचे वडील तिला घेऊन माझ्या खोलीत आले. रेल्वेत हेडक्लार्क. कानपूरचं स्थळ ठरत होतं. मुलाकडच्यांना घाई होती आणि शिकणारी सून नको होती. निधीचं नाव प्रोजेक्टमधून काढा, म्हणाले, मग कॉलेजही सोडवतो. निधी खाली बघत उभी होती.

मी खूप समजावलं. ती हुशार आहे, एम.एस्सी. करेल, संशोधनात नाव काढेल. त्यांनी हात जोडले. "आप ठीक कहते हैं, प्रोफेसर साहब. लेकिन लड़केवालों से क्या कहूँ?" माणूस वाईट नव्हता. मला फार वाईट वाटत होतं.

मिश्राजी माझ्या सहीसाठी आधीपासून तिथंच फाईल घेऊन बसले होते. ते फायलीतून मान वर न करता म्हणाले, "नाम वापस नहीं होगा."

"क्यों, साहब?"

"ग्रांट रिलीज़ हो चुकी है. प्रोजेक्ट पूरा होने तक छात्रा नॉन-ट्रान्सफरेबल है."

आयुष्य सरकारी नोकरीत गेलेला तो माणूस खुर्चीत ताठ झाला. "अच्छा? रूल है?"

"रूल है."

"फिर तो मजबूरी है. यही कह देता हूँ उनसे." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "और प्रोजेक्ट पूरा कब होगा?"

मिश्राजींनी पहिल्यांदाच निधीकडे बघितलं. "बताइए मैडम, कब होगा?"

निधीनं मान वर केली. "सर, एम.एस्सी. तक तो चलेगा."

मिश्राजींनी लिहून घेतलं.