भाऊंचा पाट

मला कुणी 'सबुरीनं घ्या' म्हटलं की माझं डोकं फिरतं. पेणमधली जुनी माणसं हे ओळखून आहेत, आणि माझ्यासमोर तो शब्द काढत नाहीत.

नव्वदनंतरची ती वर्षं. हमरापुरात आमचा गणपतीचा कारखाना होता. साचे काढणं आणि रंगाचा फवारा मारणं नवऱ्याकडे, डोळे आखणं माझ्याकडे. वर्षानुवर्षं प्लास्टरची धूळ आणि रंगाची वाफ छातीत जाऊन ह्यांना खोकला जडला, तो हटेचना. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, ऑपरेशन करा, लांबवू नका. लांबवू नका म्हणे! आम्ही काय हौसेनं लांबवत होतो?

तेवढ्यात विम्याची गोष्ट निघाली. पेण-रोह्याच्या कारागिरांचा एक संघ होता. संघानं सगळ्यांचा दवाखान्याचा विमा उतरवायचा, मजुरांचासुद्धा, आणि मजुराचा हप्ता मालकानं भरायचा, असा ठराव यायचा होता. आधीचं दुखणंही त्यात धरणार होते. काही मालक कुरकुरले, पण ठराव होणार असं सगळे धरून चालले होते. कारण रामवाडीचे भाऊ, म्हणजे पेणचे पुढारी, त्याच्या मागे होते आणि रोह्याचे पुढारीही होते. दोघं एकाच पक्षाचे. दोघांचा डोळा एकाच तिकिटावर, एवढंच काय ते वाकडं.

भाऊ आमच्या घरी आले, चहा प्याले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऑपरेशनची काळजी माझ्यावर सोडा. ठराव मी आणतो." त्या दिवशी हे पोटभर जेवले.

सभा रोह्याला होती. ह्यांना एस.टी.चे धक्के सोसवेनात, म्हणून मी गेले. सभेचा कागद वाटला गेला. त्यावर ठरावाचे सूचक म्हणून रोह्याच्या पुढाऱ्यांचं नाव, आणि अनुमोदक म्हणून भाऊंचं. झालं! भाऊंचा चेहराच उतरला. आपलं नाव खाली? ते उठले आणि ज्या विम्याचे गोडवे महिनाभर गात होते, त्याच्यावरच तुटून पडले. "हा विमा नाय, मालकांच्या गळ्यातला फास हाय! मजूर खोकला म्हणून घरी बसणार आणि भुर्दंड तुम्हांला!" पेणच्या मालकांनी टाळ्या पिटल्या. रोहेकर ओरडले, "कालपर्यंत तुम्हीच या योजनेचे बाप होतात ना?" मग कोण काय बोलतंय काही कळेना. खुर्च्या पडल्या, ठराव तहकूब झाला.

मी भाऊंना पायऱ्यांवर गाठलं. "भाऊ, ह्यांचं काय?"

त्यांनी घड्याळात बघितलं. "वहिनी, यंदा नाय झालं. पुढच्या वर्षी बघू. सबुरीनं घ्या." आणि जीपमध्ये बसून गेले.

शिमग्याच्या तोंडावर हे गेले. भाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हार घेऊन आले. मी त्यांना पाणी दिलं. भांडायला तेव्हा अंगात जीव नव्हता.

आमच्याकडे रीत अशी, की ठरलेली घरं नागपंचमीला आपापला पाट कारखान्यात पाठवतात. त्या पाटावर गणपती बसवायचा, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनी तो वाजतगाजत न्यायचा. भाऊंचा सागवानी पाट त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडेच येई. त्याही वर्षी आला, वर नारळ आणि सुपारी. शरम म्हणून नाही माणसाला! मी म्हटलं, "ठेवा."

साचे आणि फवारा मजुरांवर सोपवून महिनाभर मी गावभरच्या गणपतींचे डोळे आखले. भाऊंच्या पाटाला हात लावला नाही. सासूबाईंच्या ते ध्यानात आलं.

"गो, भाऊच्या पाटावर काय नाय ठेवलंस?"

"सुपारी हाय की."

त्या समजल्या. "देवाशी वैर धरू नको गो बाय."

"देवाशी नाय, आई."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाऊ बेंजो लावून आले. निवडणूक जवळ होती, मागे कार्यकर्त्यांची ही गर्दी. मी आतून पाट आणला. धुतलेला, हळदकुंकू लावलेला, वर त्यांचाच नारळ. त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ, यंदा नाय झालं. पुढच्या वर्षी बघू. सबुरीनं घ्या."

बेंजो थांबला. भाऊ आधी हसले, मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या कारखान्यात गेले, पलीकडच्यात गेले. फळ्यांवर गणपतीच गणपती, पण दारात मजूर उभे, आपला विमा कुणी बुडवला ते न विसरलेले. ज्या मालकांनी रोह्यात टाळ्या पिटल्या होत्या, त्यांनी आपल्या मजुरांकडे बघितलं आणि सांगितलं, "सगळे ठरलेले हायत, भाऊ." पेणात गणपती मिळत नाही, म्हणजे खाडीत पाणी मिळत नाही म्हणण्यासारखं!

शेवटी त्यांना गणपती मिळाला तो रोह्यात, आणि तोही त्या रोहेकर पुढाऱ्याच्या मेहुण्याच्या दुकानात. पुढारी स्वतः मूर्ती द्यायला पुढे आला आणि म्हणाला, "आता तरी आम्ही सूचक, तुम्ही अनुमोदक ना?" हे पेणभर झालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

चतुर्थीला घरोघरी आरत्या चालल्या होत्या. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत सण करत नाहीत. मी आणि सासूबाई दाराशी बसलो होतो.

"भाऊच्या घरी यंदा देव उशिरा आला म्हणतात," त्या म्हणाल्या.

"आला ना पण," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माळ्याकडे बघितलं. आमचा पाट तिथे कापडात गुंडाळून ठेवलेला होता. त्यानंतर देवाशी वैराची गोष्ट त्यांनी कधी काढली नाही.