तळ्याचे शांत आठवडे

खुर्चीत बसण्याआधी ती खुर्ची एकदा हलवून बघायची. प्रत्येक आकडा दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा उजवीकडून डावीकडे. डबा खिडकीशी उभ्यानंच संपवायची. टेबलाखाली एक पाय चपलेबाहेर काढून सारखा हलवत राहायची. कुणी "साधारण" म्हणालं की विचारायची, "साधारण म्हणजे किती?" फोनवर बोलताना चालत सुटायची आणि फोन ठेवल्यावर आपण कुठे येऊन पोचलो ते बघून हसायची.

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात तिला सगळे चाळणताई म्हणत. कुठल्याही विभागाचा संशोधक आकडेवारी घेऊन आला की ती आधी तिच्या हातून चाळून निघे. एकाच रुग्णाची दोनदा झालेली नोंद, वजनाच्या रकान्यात पडलेली उंची, तीनशे वर्षं वयाचा माणूस. असले खडे ती वेचून काढी. मग आलेख, मग निष्कर्ष. निष्कर्षावर नाव संशोधकाचं. तिचं आभारात, तेही कुणाला आठवलं तर.

"धान्य निवडणाऱ्याचं नाव जेवताना कोण घेतं?" ती म्हणायची. "खडा लागला की मात्र घेतात."

एका सकाळी पाण्यावर संशोधन करणारी मुलगी आपला आलेख घेऊन तिच्याकडे आली. प्रबंध लिहून झाला होता, तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. विषय एका तळ्याच्या पाण्याचं तापमान. तळ्यावरच्या राखणदारानं चौदा वर्षं रोज सकाळी ते मोजून वहीत लिहिलं होतं. वर्षाला एक वही. नऊ वर्षांपूर्वी त्या वह्या संगणकात चढवल्या होत्या चाळणताईनंच.

"हे बघा ताई. बाकी वर्षभर पाणी वरखाली होतं. पण उन्हाळ्यात एखाददुसरा आठवडा असा येतो, की तापमान अगदी सरळ रेषेत जातं. चौदाही वर्षं! मी त्यांना शांत आठवडे म्हणते. अख्खं प्रकरण त्याच्यावर आहे."

टेबलाखालचा पाय थांबला.

"छान आहे," ती म्हणाली. आणि उठून बाहेर गेली.

पाणी इतकं सरळ वागत नाही. सरळ वागतो तो प्रोग्रॅम. तो तिनंच लिहिला होता. राखणदार रजेवर गेला की वहीतली जागा कोरी राहायची, आणि कोरा रकाना दिसला की आलेख काढणारं सॉफ्टवेअर अडून बसायचं. म्हणून तिनं रजेच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांच्यामध्ये रेघ ओढून मधले दिवस भरून टाकले. भरलेल्या आकड्यांपुढे खूण करायची होती. फाइल घाईनं द्यायची होती. खूण नंतर करू, म्हणाली. ते नंतर कधी आलंच नाही.

त्या दिवशी तिनं इमारतीला चार फेऱ्या मारल्या. घरी गेल्यावर स्वयंपाकघर ते गॅलरी आणि परत. नवरा पंखा उघडून बसला होता.

"जरा एका जागी उभी राहशील? स्क्रू हरवतोय माझा."

तिनं सगळं सांगितलं.

"नऊ वर्षं कुणाला दिसलं नाही," तो म्हणाला. "आता कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसलं ना."

"मग झालं. आता मला झोप नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मुलीला बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

"ताई, गंमत करताय ना?"

"नाही."

"म्हणजे तीन वर्षं मी राखणदाराची रजा मोजत होते?"

मुलीनं लॅपटॉप उचलला आणि दार आपटून गेली.

दुपारी तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. "एवढं काय मनावर घेता बाई? तळटीप टाकू. दोन ओळी."

"सर, घराचा पाया नाही म्हणून पाटी लावली तर घर उभं राहतं का?"

"परीक्षा पुढे गेली तर मुलीचं वर्ष जाईल. जबाबदार कोण?"

"मी," ती म्हणाली. "वह्या कुठे आहेत, तेवढं सांगा."

वह्या विभागाच्या अडगळीत होत्या, दोरीनं बांधलेल्या. तिनं फाइलमध्ये नवा रकाना उघडला. प्रत्येक दिवसापुढे वहीत पाहून एकच शब्द लिहायचा, 'मोजलेलं' किंवा 'भरलेलं'. पाच हजारांवर दिवस. ती सकाळी केंद्राचं दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर थांबू लागली.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली. डोळे सुजलेले होते. परीक्षा तिनं स्वतःच पुढे ढकलून घेतली होती.

"मी वाचते, तुम्ही लिहा," ती म्हणाली. "लवकर होईल. राग गेलाय असं समजू नका."

"ठेव की राग. अक्षर नीट लाव म्हणजे झालं."

पहिल्या आठ वह्यांत एकही शांत आठवडा खरा निघाला नाही. आकड्यांची जागा कोरी, आणि समासात राखणदारानं लिहिलेलं कारण. रजा. रजा, बहिणीचं लग्न. रजा, ताप. "याला दर उन्हाळ्यात ताप बरा येतो," मुलगी म्हणाली, आणि त्या खोलीत पहिल्यांदा दोघी हसल्या.

नवव्या वहीत रजा नव्हती. आठवड्याचे सातही दिवस राखणदाराच्या हातचे होते. एक दिवस निळ्या शाईत, एक काळ्या, एकावर पाण्याचा थेंब पडून पसरलेला. आणि आकडे जवळजवळ सरळ रेषेत.

चाळणताईनं ते दोनदा वाचले. मग वही मुलीकडे फिरवली.

"हे मी भरलेलं नाही. हे मोजलेलं आहे."

मुलगी उभी राहिली. "म्हणजे शांत आठवडे असतात?"

"एका वर्षी होता. एवढ्यावर नाचू नकोस. अजून पाच वह्या आहेत."

पण ती स्वतःच खोलीत फेऱ्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मुलीची बस चुकली. चाळणताईनं दहावी वही एकटीनंच सुरू केली. अकराच्या सुमाराला ती पाणी प्यायला उठली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. समोरून जाणाऱ्या शिपायाला बरं वाटलं, की आज ताई कधी नव्हे ते टेकल्या. अर्ध्या तासानं त्यानं हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली.

हृदय, असं डॉक्टर म्हणाले. वय एक्कावन्न.

मुलगी पोचली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर फाइल उघडी होती. दहाव्या वर्षाच्या रकान्यात तीस एप्रिलपर्यंत ओळीनं 'मोजलेलं' लिहिलं होतं. एक मेपासून पुढे रकाना कोरा होता.