नवरदेवाची नाडी आणि माझं मल्टिटूल

माझ्या आयुष्यात एका हाताने उघडावी लागेल अशी एकही वस्तू नव्हती, तरी एका हाताने उघडणारं मल्टिटूल घ्यायचं मी ठरवलं.

अर्धं आयुष्य कापडाच्या लूमवर घालवून मी आता गोदामात सुपरवायझर आहे. (म्हणजे खोकी दुसरे फोडतात, मी बघतो.) तरी खिशात सुरी, कात्री, पक्कड सगळं एकत्र असावं आणि अंगठ्याने टक्‌कन उघडावं, असं मला फार वाटू लागलं. रोज जेवल्यावर मोबाइलवर तेच व्हिडिओ. शेवटी दोन मल्टिटूलांवर गाडी अडली. एकाची पक्कड एका हाताने उघडे, पण कात्री आत दडलेली. दुसऱ्याची पक्कड दोन हातांची, पण सुरी एका टोकाला आणि कात्री दुसऱ्या टोकाला, दोन्ही अंगठ्याने उघडणाऱ्या.

"एका हाताने कशाला?" माझ्या बायकोने, सुनंदाने, विचारलं.

"दुसरा हात कामात असला तर?"

"कुठल्या कामात?"

"पिशवी," मी म्हणालो.

"मग कात्रीवालं घ्या. पक्कड घेऊन काय करणार? नळाचा वॉशर बदलायला पण तुम्ही प्लंबर बोलावता."

माझं मन पक्कडीवर होतं, पण भीतभीत कात्रीवालं घेतलं.

पुढच्याच महिन्यात टेमघरला ताईच्या मुलाचं, नितेशचं, लग्न निघालं. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू खोचलेली सुरी देतात आणि अक्षता पडेपर्यंत ती खाली ठेवू देत नाहीत. ऐन हळदीला घरातली जुनी सुरी सापडेना. ताई कावरीबावरी झाली. मी गर्दीतून पुढे आलो, खिशात हात घातला आणि टक्‌! अख्खा मांडव वळला. इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघताहेत हे मी माझ्या स्वतःच्या लग्नातही अनुभवलं नव्हतं. ताईने सुरीला हळदकुंकू लावलं, लिंबू खोचलं आणि माझं मल्टिटूल नितेशच्या मुठीत गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याला तयार करायचं काम मामाचं, म्हणजे माझं. त्याचा एक हात सुरीत गुंतलेला, म्हणून चुडीदारची नाडी मी बांधली. भर मांडवात सुटायला नको, म्हणून लूमवर तुटलेला धागा जोडायची आमची गाठ मारली. ही गाठ ओढावी तितकी आवळते. ती सोडवायची वेळ लूमवर येतच नाही, त्यामुळे सोडवायचं मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

वऱ्हाड निघणार एवढ्यात नितेश कानाशी आला.

"मामा, जायचंय."

"चल ना, गाडी उभी हाय."

"तिकडं न्हाय."

सकाळपासून जो येईल तो पोराला सरबत पाजत होता. मी नखांनी गाठ उकलायला बसलो. मग गुडघ्यांवर बसून दातांनी. (मामाच्या मानपानात हेही येतं, याची मला कल्पना नव्हती.) गाठ जागची हलेना. स्वयंपाकघरातलं सामान आधीच हॉलवर गेलेलं. बाहेरून ड्रायव्हर ओरडत होता, "चाचा, धामणकर नाका जाम है, अभी नहीं निकले तो मुहूर्त गया समझो."

"विळी राहिलीय बघ घरात," दाराबाहेरून ताई म्हणाली.

"आई, विळी न्हाय," नितेश पांढरा पडला.

"मग ती सुरी दे माझ्याकडं," मी नितेशला म्हणालो.

"हातातून काढायची न्हाय," ताई म्हणाली. "आनि लिंबू पन काढायचं न्हाय."

नितेशच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीत बसवला असता तर तो नाक्यापर्यंतही टिकला नसता, आणि हे लग्न सगळ्या पाहुण्यांनी जन्मभर कशासाठी लक्षात ठेवलं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात सुनंदा आत आली. तिने आम्हा दोघांकडे एकदाच पाहिलं.

"अहो, कात्री आहे ना त्याला."

मी दोन्ही हातांनी शेरवानी वर धरली. नितेशने एका हाताने नाडी ताणली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कात्री उघडली. लिंबू वर छताकडे, कात्री खाली नाडीकडे. कच्‌! आणि एका हाताने चुडीदार, दुसऱ्याने लिंबू सांभाळत नवरदेव धावला.

परत आल्यावर सुनंदाने आपल्या पदराच्या पिना काढून चुडीदार पिनांवर उभी केली. मंगलाष्टकं चालू असताना सगळे वधूवरांच्या तोंडाकडे बघत होते, मी त्याच्या कमरेकडे. अक्षता पडल्या तसा माझा जीव भांड्यात पडला.

"तू होतीस म्हणून पोराची अब्रू राहिली," मी सुनंदाला म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.

"तुम्हाला वॉशर बदलता येत नाही म्हणून राहिली," ती म्हणाली.

मल्टिटूल मात्र ताईने परत दिलं नाही. लग्न लागलं त्याच्यावर, शुभ हाय, असं तिचं म्हणणं. तिने ते देव्हाऱ्यात ठेवलंय. आता दर सणाला मी टेमघरला जातो आणि एका हाताने वापरायला घेतलेल्या माझ्या मल्टिटूलला दोन्ही हात जोडून परत येतो.